जर्सी बेटाची जुनी कांस्य नाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात नाणेसंग्रहाची सुरुवात बहुधा घरातल्या निजामकालीन पै-पैशांपासून होते आणि पुढे कधीतरी परदेशी नाण्यांच्या मिश्र ढिगातून एखादे जर्सीचे नाणे हाती लागते. त्यानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्या उत्तरात पुन्हा न देता संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जर्सी हे बेट आहे कुठे, आणि एवढ्याशा बेटाची स्वतंत्र नाणी कशी?

जर्सी हे इंग्लिश खाडीतील, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याला लागून असलेले सुमारे १२० चौरस किलोमीटरचे बेट आहे. ते ब्रिटनच्या राजसत्तेच्या अधीन असले तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याचे कायदेमंडळ वेगळे आहे आणि त्यालाच ‘स्टेट्स ऑफ जर्सी’ म्हणतात. हेच नाव जुन्या नाण्यांवर आढळते. बेटावर शतकानुशतके फ्रेंच चलन वापरात होते, त्यामुळे पौंड अधिकृत झाल्यावरही सुट्या पैशांचा स्थानिक हिशेब वेगळाच राहिला आणि त्या हिशेबासाठी वेगळी नाणी पाडावी लागली.

२. ‘जुनी कांस्य नाणी’ म्हणजे नेमकी कोणत्या वर्षांची?

१८६६ ते १९६६ या शंभर वर्षांची. त्याआधीची १८४१, १८४४, १८५१, १८५८ आणि १८६१ या वर्षांची नाणी तांब्याची आहेत. विक्रेते दोन्ही प्रकार सरसकट ‘ब्राँझ’ म्हणून विकतात, पण संग्रहाच्या नोंदवहीत त्यांची सरमिसळ करू नये. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धत आली. त्यानंतरचे सुरुवातीचे पेन्सही कांस्याचेच होते, परंतु त्यांना जुन्या मालिकेत धरत नाहीत.

३. हे कांस्य म्हणजे आपल्या काशाच्या वाटीचेच कासे का?

नाही. तळपाय घासण्याच्या काशाच्या वाटीत कथिलाचे प्रमाण साधारण २२ टक्के असते, म्हणून ती खणखणीत वाजते आणि आपटली तर फुटते. ब्रिटनने १८६० मध्ये नाण्यांसाठी स्वीकारलेल्या कांस्यात ९५ टक्के तांबे, ४ टक्के कथिल आणि १ टक्का जस्त होते, आणि जर्सीची नाणीही त्याच परंपरेतली आहेत. त्यामुळे ही नाणी दिसायला तांब्याच्या जवळची असतात. मात्र तांब्यापेक्षा कठीण असल्याने त्यांची झीज सावकाश होते.

४. नाण्यावर ‘शिलिंगचा तेरावा भाग’ असे विचित्र मूल्य का लिहिले आहे?

या मालिकेतील सर्वांत रंजक भाग हाच आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

१८३४ मध्ये जर्सीत पौंड हेच एकमेव अधिकृत चलन ठरले, तेव्हा २६ फ्रेंच लिव्हर म्हणजे १ पौंड असा दर बांधून देण्यात आला. एका लिव्हरचे २० सू होत, म्हणजे एका पौंडाचे ५२० सू आणि पौंडाचे २० शिलिंग असल्याने एका शिलिंगचे २६ सू. बेटावरच्या लोकांच्या हाताला दोन सूचे नाणे सवयीचे होते आणि तेच त्यांच्या लेखी ‘पेनी’ होते. अशा १३ पेनी दिल्या की एक शिलिंग होत असे, तर इंग्लंडमध्ये १२ पेनींचा शिलिंग होता. म्हणून जर्सीच्या नाण्यांवर पेनी हा शब्द न घालता ते शिलिंगचा कितवा भाग आहे हे लिहिले गेले : तेरावा, सव्विसावा आणि तांब्याच्या काळात बावन्नावा.

मराठवाड्यातील वाचकाला हा गुंता समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. हैदराबाद संस्थानचा हाली रुपया आणि इंग्रजी मुलखातला कलदार रुपया यांच्यात जुन्या पिढीने असाच हिशेब केलेला आहे. १९५० मध्ये भारतीय रुपया येथे चलनात आला, तेव्हा ७ हाली म्हणजे ६ कलदार असा दर धरला गेला, आणि हाली रुपया पूर्णपणे रद्द होण्यास १९५९ उजाडले. धाराशिवकडचा माणूस बार्शीच्या बाजाराला गेला की त्याला मनातल्या मनात जो गुणाकार-भागाकार करावा लागे, तोच जर्सीच्या बंदरावर इंग्लंडहून उतरलेल्या व्यापाऱ्याला करावा लागत होता.

ही अडचण १८७७ मध्ये संपली. त्या वर्षापासून शिलिंगचा बारावा, चोविसावा आणि अठ्ठेचाळिसावा भाग अशी नाणी आली आणि जर्सीची पेनी इंग्लंडच्या पेनीबरोबर झाली. याचाच अर्थ ‘तेरावा भाग’ लिहिलेली कांस्य नाणी फक्त १८६६, १८७० आणि १८७१ या तीन वर्षांची आहेत.

५. नाण्यावर मूल्य अंकात दिसत नाही, मग ते ओळखायचे कसे?

मूल्य इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते. ‘वन ट्वेल्फ्थ’ म्हणजे बारावा भाग, ‘वन ट्वेंटी-फोर्थ’ म्हणजे चोविसावा, ‘वन फॉर्टी-एट्थ’ म्हणजे अठ्ठेचाळिसावा आणि ‘वन थर्टीन्थ’ म्हणजे तेरावा. एका बाजूला राजाचा किंवा राणीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ढालीवर चालणारे तीन सिंह अशी रचना असते. अक्षरे झिजली असतील, तर आकारावरून अंदाज येतो : बारावा भाग इंग्लंडच्या जुन्या पेनीएवढा म्हणजे साधारण ३१ मिलिमीटरचा, तर चोविसावा भाग अर्ध्या पेनीएवढा म्हणजे सुमारे २५ मिलिमीटरचा असतो.

६. बाराव्या भागाची पूर्ण मालिका जमवायची आहे. कोणती वर्षे शोधावीत?

नव्या संग्राहकाने येथूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ही मालिका पूर्ण होण्याजोगी आहे आणि तीत शंभर वर्षांतील जवळजवळ सगळे बदल दिसतात. राणी व्हिक्टोरियाची वर्षे १८७७, १८८१, १८८८ आणि १८९४. सातव्या एडवर्डचे एकच वर्ष, १९०९. पाचव्या जॉर्जची १९११, १९१३, १९२३, १९२६, १९३१, १९३३ आणि १९३५. यांपैकी १९२३ मध्ये ढालीची मांडणी बदलल्यामुळे त्या एकाच वर्षाची दोन वेगळी नाणी धरावी लागतात. सहाव्या जॉर्जची १९३७, १९४६ आणि १९४७, शिवाय ‘१९४५’ लिहिलेले खास नाणे, ज्याविषयी प्रश्न ९ पाहावा. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात पुन्हा तेच ‘१९४५’चे नाणे, मग १९५७, १९६०, १९६४ आणि १९६६.

१९५७ पासून बेटाचे नाव ‘बेलिविक ऑफ जर्सी’ असे लिहिले जाऊ लागले. १९६० च्या नाण्यावर ‘१६६०–१९६०’ असे आहे, ते दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणाला तीनशे वर्षे झाल्याचे. १९६६ च्या नाण्यावर ‘१०६६–१९६६’ आहे, ते नॉर्मन विजयाला नऊशे वर्षे झाल्याचे. ही दोन्ही नाणी सहज मिळतात, त्यामुळे ‘स्मारक नाणे’ या नावाखाली त्यांना भलती किंमत देऊ नये. आणि १६६० हा आकडा पाहून नाणे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे असल्याचे सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याशी वाद न घालता पुढच्या टेबलाकडे वळावे.

७. या मालिकेतील सर्वांत दुर्मीळ नाणे कोणते?

नेहमीच्या वापरासाठी पाडलेल्या कांस्य नाण्यांत पहिला मान शिलिंगच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाला द्यावा लागेल. ते फक्त १८७७ मध्ये पाडले गेले. आकाराने ते इंग्लंडच्या फार्दिंगएवढे, म्हणजे साधारण २० मिलिमीटरचे आहे. पुढे ते पुन्हा कधीच निघाले नाही.

मात्र ‘दुर्मीळ’ हा शब्द जपून वापरावा. किती नाणी पाडली गेली यापेक्षा चांगल्या अवस्थेत किती उरली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. व्हिक्टोरियाच्या केसांच्या बटा आणि सिंहांचे चेहरे स्पष्ट दिसणारे १८७१ चे नाणे हे गुळगुळीत झालेल्या अठ्ठेचाळिसाव्या भागापेक्षा शोधायला कठीण जाऊ शकते. टांकसाळीतून निघतानाची तांबूस चमक अजून टिकून असलेली व्हिक्टोरियाकालीन नाणी तर फारच थोडी भेटतात. संग्राहक रंगावरून तीन पायऱ्या धरतात : पूर्ण तपकिरी, तांबूस-तपकिरी आणि पूर्ण तांबूस. एकाच वर्षाच्या नाण्याची किंमत या पायऱ्यांनुसार अनेक पटींनी बदलते.

८. १८७७ च्या नाण्यावरचे ‘एच’ हे इंग्रजी अक्षर कशाचे?

ते बर्मिंगहॅम येथील राल्फ हीटन यांच्या खासगी टांकसाळीचे चिन्ह आहे. या टांकसाळीने १८५० मध्ये प्रसिद्ध सोहो टांकसाळीची यंत्रे विकत घेतली आणि पुढे अनेक देशांची नाणी पाडली; लंडनच्या शाही टांकसाळीवर ताण असताना इंग्लंडच्या काही वर्षांच्या पेनीही तिनेच पाडल्या. शेजारच्या गर्न्सी बेटाच्या नाण्यांवरही हेच अक्षर दिसते, त्यामुळे केवळ ‘एच’ पाहून नाणे जर्सीचे ठरवू नये. गर्न्सीच्या जुन्या नाण्यांवर मूल्य ‘डबल्स’ या एककात असते आणि राजाचा चेहरा नसतो.

९. माझ्या नाण्यावर १९४५ आहे, पण सहाव्या जॉर्जचेही आहे आणि एलिझाबेथचेही. एलिझाबेथ तर १९५२ मध्ये राणी झाल्या. यांतले एक खोटे आहे का?

दोन्ही खरी आहेत. या नाण्यावरचे १९४५ हे पाडल्याचे वर्ष नाही. १ जुलै १९४० पासून ९ मे १९४५ पर्यंत जर्सी जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. त्या काळात बेटावर जर्मन मार्क चालत होते आणि सुट्या पैशांची चणचण भागवण्यासाठी एडमंड ब्लॅम्पिड या स्थानिक चित्रकाराकडून रेखाटून घेतलेल्या नोटा काढाव्या लागल्या. मुक्ततेची आठवण म्हणून पुढे बाराव्या भागाच्या नाण्यावर ‘लिबरेटेड १९४५’, म्हणजे ‘१९४५ मध्ये मुक्त’, असे शब्द घालण्यात आले.

प्रत्यक्षात हे नाणे सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्यासह १९४९, १९५० आणि १९५२ मध्ये, तर एलिझाबेथच्या चेहऱ्यासह १९५४ मध्ये पाडले गेले. सगळ्यांवर १९४५ हाच आकडा असल्यामुळे जॉर्जच्या नाण्यांपैकी कोणते नेमके कोणत्या वर्षी पाडले, हे नाण्यावरच्या मजकुरावरून कळत नाही. ‘हे १९४९ चेच आहे’ असे सांगून जादा पैसे मागितले जात असतील, तर ते देऊ नयेत. निजामाच्या नाण्यांवर हिजरी सन आणि कारकिर्दीचे वर्ष अशी दोन वर्षे वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना येथे नेमके ते दुसरे वर्ष नसल्याची चुटपुट लागते.

१०. ऑनलाइन शोधले तर ‘जर्सी’च्या नावाने घोड्याचे डोके आणि नांगर असलेली नाणी दिसतात. ती कोणती?

ती अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याची १७८६ ते १७८८ या काळातील तांब्याची नाणी आहेत. त्यांवर ‘नोव्हा सीझेरिया’ असे लॅटिन नाव असते. त्यांचा या बेटाच्या मालिकेशी संबंध नाही आणि त्यांच्या किमतींवरून आपल्या नाण्याची किंमत काढू नये.

११. ‘जर्सी बेटावर सापडलेले दोन हजार वर्षांपूर्वीचे कांस्य नाणे’ विकत घ्यावे का?

अशा जाहिरातीकडे संशयाने पाहावे. २०१२ मध्ये जर्सीच्या ग्रूव्हिल भागात दोन शोधकांना, तीस वर्षांच्या शोधानंतर, सुमारे ७० हजार केल्टिक नाण्यांचा एकच प्रचंड गठ्ठा सापडला, तेव्हापासून असा माल बाजारात वारंवार दिसतो. परंतु त्या साठ्यातील नाणी प्रामुख्याने चांदी-तांब्याच्या मिश्रधातूची आहेत आणि तो साठा बेटावरच जतन केलेला आहे. त्यातले सुटे नाणे भारतातील विक्रेत्याकडे, तेही ‘कांस्याचे’ म्हणून, येण्याचे काही कारण नाही.

१२. नाणे खरे की नकली, हे घरच्या घरी कसे तपासावे?

प्रथम लोहचुंबक लावावा. कांस्य त्याला चिकटत नाही. ब्रिटनचे पेन्स १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे झाले, त्यामुळे चिकटणारे नाणे या मालिकेतले नाही एवढे नक्की. त्यानंतर वजन करावे. बाराव्या भागाचे नाणे साधारण ९.४ ग्रॅमचे, चोविसाव्या भागाचे साडेपाच ग्रॅमच्या आसपास आणि अठ्ठेचाळिसाव्या भागाचे २.८ ग्रॅमच्या जवळपास भरते. झिजलेले नाणे थोडे हलके असते, पण जड नसते. घरी काटा नसेल, तर ओळखीच्या सराफाच्या दुकानातील काटा पुरेसा अचूक असतो. शेवटी दहापट भिंग घेऊन अक्षरांच्या कडा पाहाव्यात : ठोकून पाडलेल्या नाण्याची अक्षरे धारदार असतात, तर ओतीव नकलेत ती मऊ दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात आणि कडेवर जोडाची रेघ आढळते.

विसाव्या शतकातील साध्या नाण्यांची नक्कल करणे कोणाला परवडत नाही. धोका असतो तो खऱ्याच नाण्यावर केलेल्या फेरफाराचा, म्हणजे वर्षाचा आकडा कोरून बदलण्याचा किंवा रसायनाने खोटी तांबूस चमक आणण्याचा. खोटी चमक सगळीकडे एकसारखी, गुलाबीसर असते. मूळची चमक अक्षरांच्या आडोशाला जास्त आणि उंच भागांवर कमी असते.

१३. अशा नाण्यांची किंमत किती, आणि मराठवाड्यात ती मिळतात कुठे?

पौंडाचा दर, नाण्याची अवस्था आणि त्या आठवड्यातील मागणी यांवर किंमत इतकी अवलंबून असते की येथे दिलेला आकडा फसवाच ठरेल. विक्रेता मागत असलेली किंमत आणि प्रत्यक्षात झालेल्या विक्रीची किंमत यांत फरक असतो. लिलावांच्या पूर्ण झालेल्या विक्रींच्या नोंदीच पाहाव्यात. ढोबळमानाने पाचव्या जॉर्जपासूनची वापरलेली नाणी स्वस्त, व्हिक्टोरियाची चांगली नाणी मध्यम, आणि अठ्ठेचाळिसावा भाग व पूर्ण तांबूस नाणी महाग असा क्रम लागतो.

जर्सीची नाणी स्वतंत्रपणे ठेवणारा विक्रेता आपल्या भागात भेटणे कठीण आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या संग्राहकाला ती मिळतात ती मुख्यतः परदेशी नाण्यांच्या मिश्र लॉटमध्ये, नाहीतर हैदराबाद, पुणे आणि मुंबई येथील नाणे-प्रदर्शनांत. मिश्र लॉट चाळण्यात वेळ जातो हे खरे, पण ‘वन ट्वेंटी-सिक्स्थ’ लिहिलेले नाणे किलोच्या भावात मिळण्याची शक्यता तेथेच असते, कारण बहुतेक विक्रेते ते वाचतच नाहीत.

१४. ‘तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा’ असा फोन आला. खरे असेल का?

नाही. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांविरुद्ध स्वतः रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला होता. खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही.

१५. नाणे काळे पडले आहे. चिंच किंवा लिंबू लावून चकचकीत करू का?

कृपया करू नये. आपल्या घरांत तांब्या-पितळेची भांडी चिंच, राख किंवा पावडर लावून लख्ख करण्याची रीत आहे आणि भांड्यांसाठी ती योग्यच आहे. नाण्याच्या बाबतीत मात्र त्यामुळे होणारे नुकसान भरून निघत नाही. शंभर-दीडशे वर्षांत नाण्यावर जो तपकिरी थर बसतो, तो आतल्या धातूचे रक्षण करतो आणि नाणे अस्सल असल्याची साक्षही देतो. आम्लाने तो थर निघून जातो, खाली उघडा गुलाबी धातू दिसतो आणि घासल्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांमुळे जाणकार खरेदीदार नाणे बाजूला ठेवतो.

माती चिकटलेली असेल, तर नाणे बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि शेवटी मऊ सुती कापडाने, न घासता, टिपून घ्यावे. बोअरचे पाणी वापरू नये. त्यात क्षार असतात आणि त्यांतील क्लोराइड कांस्याचे शत्रू आहेत, ते कसे, हे पुढच्या उत्तरात आहे. तेलकटपणा असेल, तर शुद्ध ॲसिटोन हवेशीर जागी, आगीपासून दूर वापरता येतो. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावात सुगंध आणि इतर पदार्थ मिसळलेले असल्याने तो चालत नाही.

१६. नाण्यावर हिरवे ठिपके आले आहेत. तेही राहू द्यावेत का?

हिरवेपणा दोन प्रकारचा असतो. घट्ट, गुळगुळीत आणि नखाने न निघणारा हिरवा थर सहसा निरुपद्रवी असतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी, टोचले की गळून पडणारी आणि काही आठवड्यांत पुन्हा उगवणारी बुरशीसदृश वाढ मात्र कांस्याचा रोग समजावी. धातूत शिरलेले क्लोराइड हवेतील ओलाव्याशी संयोग पावून आम्ल तयार करतात, ते तांबे खाते आणि त्यातून क्लोराइड पुन्हा मोकळे होतात, म्हणून ही क्रिया आपोआप थांबत नाही. असे नाणे ताबडतोब वेगळे करून सिलिका जेलसह बंद डबीत कोरडे ठेवावे. मौल्यवान असेल, तर उपचार जाणकार संवर्धकाकडूनच करून घ्यावा.

तिसरा एक फसवा प्रकार म्हणजे चिकट, हिरवट तेलासारखा थर. तो नाण्यातून नव्हे, तर मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातून येतो आणि वर सांगितलेल्या ॲसिटोनने निघतो. उन्हाळ्यात आपल्याकडचे तापमान चाळिशीच्या पुढे गेले की अशी पाकिटे अधिकच पाझरतात. नाणी पीव्हीसी नसलेल्या कडक फिल्मच्या पाकिटांत किंवा पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवावीत, पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ठेवू नयेत आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत सिलिका जेल बदलत राहावे.

१७. इंग्लंडहून टपालाने नाणी मागवली तर सीमाशुल्क लागते का?

नाणी ‘संग्राह्य वस्तू’ म्हणून सीमाशुल्काच्या ९७०५ या शीर्षाखाली येतात आणि त्यात शंभर वर्षांहून जुनी व त्याहून अलीकडची नाणी असे वेगवेगळे उपविभाग आहेत. दर बदलत असल्याने मागणी नोंदवण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. विक्रेत्याला पार्सलवर नाण्याचे वर्णन, वर्ष आणि खरी किंमत लिहायला सांगावे. ‘भेटवस्तू’ असे लिहून घेण्याचा मोह टाळावा. पार्सल हरवले तर भरपाईही त्याच लिहिलेल्या किमतीवर ठरते.

१८. मागवलेले १८७७ चे नाणे पसंत पडले नाही. ते परत इंग्लंडला पाठवता येईल का?

येथेच अनेकांची अडचण होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातील व्याख्येनुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे, आणि पुरावस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. त्या व्याख्येत नाणे भारतीयच असले पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे १९३५ चे किंवा १९६० चे नाणे परत पाठवणे सोपे असले, तरी व्हिक्टोरिया किंवा एडवर्डच्या नाण्याबाबत ‘नापसंत पडल्यास परत’ या आश्वासनाला भारतातून फारसा अर्थ उरत नाही. असे नाणे मागवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे आणि वजन मागून घ्यावे, आणि परत पाठवण्याची वेळ आलीच, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळ कार्यालयात आधी लेखी विचारणा करावी. खरेदीची पावती आणि सीमाशुल्काची कागदपत्रे नाण्यासोबत कायम जपून ठेवावीत. ती नसतील, तर हे नाणे अलीकडे परदेशातून आले आहे, हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

१९. शेत नांगरताना जुनी नाणी सापडली. ती या संग्रहात ठेवता येतील का?

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना वेगळा नियम लागू होतो. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, आणि ती न देता नाणी वाटून घेणे किंवा विकणे हा गुन्हा ठरतो. पैठण, तेर, भोकरदन यांसारख्या प्राचीन वस्त्यांच्या परिसरात तर ही काळजी विशेष घ्यावी. घरातल्या पेटीत आजोबांनी ठेवलेली हाली नाणी या नियमात येत नाहीत.